साथ आली की संधिवाताच्या गोळ्या बंद करायच्या का?

बार्शी तालुक्यातल्या एका गावातून एका मुलाचा प्रश्न आला आहे. आईला अकरा वर्षांपासून आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे. मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) या गोळ्यांवर तिचं छान चाललं होतं, खुरपणीलाही जायची. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याला तपासणीला येणं थांबलं, मग गोळ्या संपल्या. त्यात गावात कुणीतरी सांगितलं की ही औषधं प्रतिकारशक्ती कमी करतात, करोनात नकोच. पाच महिने सगळं बंद राहिलं. तेव्हा उजव्या हाताची बोटं करंगळीकडे कलली, ती आजही तशीच आहेत. मुलगा विचारतो: आमच्यासारख्यांच्या उपचारांचं तेव्हा नेमकं काय झालं, आणि परत अशी साथ आली तर आम्ही काय करायचं?

मी बावीस वर्षं पुण्यात संधिवाताचेच रुग्ण बघते आहे. सातारा, सोलापूर, नगर, बीड इथून लोक पहाटेची एसटी धरून येतात. तुमच्या आईसारखे हात मी २०२० च्या दिवाळीनंतर इतके पाहिले की हा प्रश्न मला नवा नाही. पण त्याचं उत्तर कुणी सरळ दिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुद्दा आधीच सांगून टाकते. करोनानं माझेही रुग्ण गेले, त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. पण जे वाचले, त्यांचं कायमचं नुकसान विषाणूपेक्षा थांबलेल्या औषधांनी जास्त केलं. आमवात थांबून राहणारा आजार नाही. गोळी बंद झाली की महिन्या-दोन महिन्यांत सांध्याच्या आतलं अस्तर परत सुजतं, आणि ती सूज हाडाच्या कडा कुरतडायला लागते. एकदा कुरतडलेलं हाड भरून येत नाही. टाळेबंदी उठल्यावर बस सुरू झाल्या, दुकानं उघडली, पण तुमच्या आईची बोटं परत जागेवर आली नाहीत, याचं कारण हे आहे.

आता काय घडलं ते सांगते. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. आमची ओपीडी सोमवारी भरलेली असायची, ती त्या आठवड्यात रिकामी झाली. मोठ्या रुग्णालयांनी करोनासाठी वॉर्ड मोकळे केले. आमच्यासारख्या डॉक्टरांनाही तिकडे ड्यूटी लागल्या, आणि ते बरोबरच होतं, कारण आम्ही सगळे मुळात फिजिशियन आहोत. पण त्यामुळे ज्याला तीन महिन्यांनी रक्त तपासून गोळीचा डोस ठरवून घ्यायचा असतो, त्या माणसाला विचारणारं कुणी उरलं नाही. महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, तो सप्टेंबर २०२० पर्यंत चालला. बाईच्या हाताला सूज आहे या कारणासाठी पास मागायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं. लोकांना वाटायचं, दुखणंच आहे, सोसू.

आणि घरातलं काम वाढलं होतं. ही गोष्ट कुठल्याच शोधनिबंधात मला दिसली नाही, पण मी ती रोज ऐकली. घरकामाच्या मावशी येणं बंद, मुलं-नवरा सगळे घरात, तीन वेळचं रांधणं, धुणं, भांडी. ज्या बायकांना मी कपडे पिळू नका म्हणून वर्षानुवर्षं सांगत होते, त्या चादरी पिळत होत्या.

त्याच २२ मार्चला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, कृतिदलानं सांगितलं की करोना रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि बाधितांच्या घरच्यांनी प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे आपली एचसीक्यू, घ्यावी. त्याच्या आधी फ्रान्समधल्या मार्सेयच्या एका छोट्या अभ्यासाचा गाजावाजा झाला होता, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या गोळीचं जाहीर कौतुक केलं होतं. पुढच्या तीन-चार दिवसांत मेडिकलच्या दुकानांतून एचसीक्यू गायब झाली. सरकारनं त्याच आठवड्यात ती एच-वन यादीत टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची. निर्यातही रोखली. निर्णय योग्य होते. पण तोवर सोसायट्यांमधल्या कपाटांत पट्ट्या जाऊन बसल्या होत्या, आणि चिठ्ठी जुनी म्हणून केमिस्ट माझ्या जुन्या रुग्णांना परत पाठवू लागले.

ही गोळी ल्युपसच्या रुग्णाला काय असते हे सांगायला हवं. ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच मूत्रपिंडावर, त्वचेवर, रक्तपेशींवर उलटतं. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं होतं की आजार शांत असलेल्या रुग्णांची एचसीक्यू काढून घेतली, तर तो उसळण्याची शक्यता अडीच पट होते. ही गोळी शरीरातून फार सावकाश उतरते, निम्मी व्हायलाच साधारण ४० दिवस लागतात. म्हणून पहिले काही आठवडे कुणाला फरक जाणवला नाही. रुग्णांना वाटलं, बघा, गोळीशिवायही बरं आहे.

कऱ्हाडकडची माझी एक चोवीस वर्षांची रुग्ण. मार्चअखेर तिच्या भावानं मोटारसायकलवर पाच दुकानं पालथी घातली, एका ठिकाणी दहा गोळ्यांची एक पट्टी मिळाली. ती तिनं एकाआड एक दिवस घेऊन पुरवली. जूनच्या शेवटी तिचा फोन आला, आणि ती बोलली गालावरच्या चट्ट्याबद्दल. मी सवयीनं विचारलं, पायावर सूज आहे का? मोजे काढल्यावर वळ राहतो का? लघवीला फेस येतो का? फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "मॅडम, येतो फेस. पण सगळीकडे माणसं मरतायत, मी लघवीच्या फेसाचं कुणाला सांगू?" लघवीतून प्रथिनं जात होती, मूत्रपिंडाला सूज होती. ती आज बरी आहे, पण त्या वर्षभरात तिनं जितकी कडक औषधं घेतली, त्यातली बरीचशी टळली असती.

पुढं ५ जून २०२० ला ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं जाहीर केलं की रुग्णालयात दाखल करोना रुग्णांना एचसीक्यूचा फायदा होत नाही. त्याच्या एकच दिवस आधी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं एचसीक्यू घातक असल्याचा एक निबंध मागे घेतला होता, कारण त्याची आकडेवारी पडताळता आली नाही. तारणहार, मग घातक, मग निरुपयोगी, असा प्रवास एका गोळीनं अडीच महिन्यांत केला. ज्या बाईनं ती दहा वर्षं विनातक्रार घेतली, तिनं यातून काय समजायचं? काहींनी घातक हा शब्द ऐकून, दुकानात गोळी परत मिळू लागली तेव्हा ती घेणंच सोडलं. सुरुवातीच्या तुटवड्याइतकंच हे दुसरं नुकसान मोठं होतं, आणि त्याबद्दल कुणी बोललं नाही.

आता त्या शब्दाकडे येते, ज्यानं तुमच्या आईची औषधं थांबली. प्रतिकारशक्ती.

या शब्दाचा दोष आम्हा डॉक्टरांकडेही जातो. आम्हीच इतकी वर्षं सांगत आलो की ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत. मग साथ आल्यावर लोकांनी सरळ हिशेब केला: दाबायची नाही, वाढवायची. पण आमवातात प्रतिकारशक्ती कमी नसते, ती भरकटलेली असते. आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट ही तिला दाव्याला बांधून ठेवण्यासाठी असते. कर्करोगात हेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, ती गोष्ट वेगळी. भडकलेला आमवात अंगात असलेला माणूस औषधावर शांत असलेल्या माणसापेक्षा जंतूंपुढे जास्त दुबळा असतो, हे आम्हाला करोनाच्या आधीही माहीत होतं.

करोनात ते आकड्यांनी दिसलं. मार्च २०२० मध्येच जगभरच्या संधिवाततज्ज्ञांनी एकत्र येऊन एक नोंदवही सुरू केली, ग्लोबल ऱ्हुमॅटॉलॉजी अलायन्स या नावानं. कुणाच्याही रुग्णाला करोना झाला की त्याचा आजार, औषधं आणि पुढं काय झालं, ते नाव न देता नोंदवायचं. पहिल्या ६०० रुग्णांवरून इतकं दिसलं की रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईड, घेणारे जास्त प्रमाणात रुग्णालयात दाखल झाले होते. जानेवारी २०२१ मध्ये ३,७२९ रुग्णांचा हिशेब आला. त्यात मृत्यूशी जोडलेल्या गोष्टी होत्या वय, हृदय-फुप्फुसाचे जुने आजार, जास्त स्टेरॉईड, रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन, मूत्रपिंडाच्या ल्युपससाठी वगैरे वापरतो ती काही कडक औषधं, आणि काबूत नसलेला संधिवात. नुसत्या मेथोट्रेक्सेटवर असलेल्यांपेक्षा आजारालाच आवरणारं कुठलंच मूळ औषध न घेणाऱ्यांची अवस्था वाईट होती. अशा नोंदवहीवरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण औषध बंद करा असं सांगणाऱ्यांच्या बाजूला त्यात काही नव्हतं.

प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नादात काढे आले. तुळस, आलं, दालचिनी यांना माझी हरकत नव्हती. पण गुळवेल महिनोन्महिने घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली, आणि त्यातल्या काहींची शरीरप्रकृती मुळात स्वतःवर उलटणाऱ्या आजारांची होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. मी माझ्या रुग्णांपुरती काळजी घेतली: मेथोट्रेक्सेट चालू आहे, यकृताची तपासणी करायला लॅब उघडी नाही, अशा वेळी यकृतावर परिणाम करू शकेल असं काहीही वरून नको.

मग फोनवरचे उपचार. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आल्यापासून महाराष्ट्रातले डॉक्टर फोनवर औषध सांगायला घाबरत. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि आम्हाला रीतसर मुभा मिळाली. ही त्या वर्षातली सगळ्यात उपयोगी गोष्ट होती, असं मी आजही म्हणेन. व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो जायचा, गावातला केमिस्ट तो बघून औषध द्यायचा.

पण संधिवात हा बोटांनी तपासायचा आजार आहे. आम्ही सांधा अंगठ्यांनी दाबून बघतो. हाडाची वाढ असेल तर कडक लागतं, सूज असेल तर पिकल्या पेरूसारखं मऊ. पडद्यावर हे कळत नाही. पहिल्या महिन्यात मी व्हिडिओवर फसले, नंतर हळूहळू युक्त्या सापडल्या. एका आजींनी नातवाच्या मोबाइलवर हात दाखवला, मागे खिडकी, त्यामुळे हात नुसता काळा दिसत होता. नातवाला म्हटलं, आजीला खिडकीकडे तोंड करून बसव. मग आजींना म्हटलं, मूठ वळा आणि मुठीची पाठ मला दाखवा. आपली मूठ घट्ट मिटली की बोटांच्या मुळाशी चार टेकड्या आणि त्यांच्यामध्ये तीन घळी दिसतात. आजींच्या पहिल्या दोन घळी भरून आल्या होत्या, पाठ सपाट. ती सूज होती. मग नातवाला सांगितलं, आजीशी हस्तांदोलन करतोस तसा हात धर आणि बोटांच्या मुळांवर आडवं हलकेच दाब. आजींनी हात ओढून घेतला. मला निदान मिळालं.

प्रश्नही बदलावे लागले. दुखतं का, याचं उत्तर सगळेच हो देतात. सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, चहाचा कप एका हातानं उचलता का, भाकरी थापता येते का की लाटून करता, ब्लाऊजची हुकं कोण लावतं. भाकरी लाटून करायला लागले असं एखादी म्हणाली, की मी डोस वाढवायचा विचार सुरू करत असे.

तरीही फोनवर जे निसटलं ते निसटलं. सगळ्यात जास्त निसटले ते नवे रुग्ण. जुन्याची फाइल असते, रक्ताचे आकडे असतात. ज्या बाईची बोटं पहिल्यांदाच मे २०२० मध्ये सुजली, तिला माझा नंबरही माहीत नव्हता. आमवात सुरू झाल्यावर पहिल्या बारा आठवड्यांत औषध मिळालं तर तो सगळ्यात चांगला आटोक्यात येतो. ते बारा आठवडे अनेकांचे टाळेबंदीतच गेले, वेदनाशामक गोळ्यांवर.

एक चूक मात्र मी प्रत्येकाला सांगते, कारण तिनं जीव जाऊ शकतो. माझी एक रुग्ण मेथोट्रेक्सेटच्या २.५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या दर रविवारी घ्यायची, म्हणजे आठवड्याला १५. मे महिन्यात तालुक्याच्या दुकानात ती गोळी नव्हती, दुकानदारानं त्याच औषधाची १० मिलिग्रॅमची पट्टी दिली. तिनं नेहमीसारख्या सहाच घेतल्या. १५ च्या जागी ६०. तीन रविवार. जूनमध्ये तिच्या सुनेनं फोटो पाठवला: ओठ आतून सोललेले, जीभ लाल, पाणी गिळता येत नाही. मी म्हटलं, गोळीच्या पट्टीचा फोटो पाठव, मागची बाजू. आकडा दिसल्याबरोबर त्यांना मिळेल त्या गाडीनं निघायला सांगितलं. पांढऱ्या पेशी खूप उतरल्या होत्या. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, दहा दिवसांनी त्या घरी गेल्या. औषध संपल्यावर दुसरी पट्टी हातात आली, की गोळीचा रंग किंवा संख्या बघू नका, मिलिग्रॅम बघा. आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज कधीच नाही.

स्टेरॉईडबद्दल दोन्ही बाजूंनी चुका झाल्या. १६ जून २०२० ला रिकव्हरी चाचणीनं डेक्सामेथासोनचा निकाल सांगितला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काही फायदा नव्हता. मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आम्हा संधिवातवाल्यांना या औषधाची आयुष्यभराची ओळख. त्याचे उपकारही माहीत आणि त्याचे दातही. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, घरी बसलेल्या, ऑक्सिजन ९७ असलेल्या माणसांनाही पहिल्या दिवसापासून स्टेरॉईड दिलं गेलं, कित्येकांना दहा दिवसांच्या पुढंही. साखर चढली, आणि महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिसची ती भयानक लाट पाहिली. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्याकडे तिशी-चाळिशीची माणसं येऊ लागली. जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही. त्यांना संधिवात नव्हता. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मेलं होतं.

उलट माझ्या काही जुन्या रुग्णांनी मेथोट्रेक्सेट बंद केली आणि प्रेडनिसोलोन तेवढी चालू ठेवली, कारण ती स्वस्त, कुठंही मिळणारी आणि दोन तासांत आराम देणारी. म्हणजे नोंदवहीत जी गोष्ट सुरक्षित दिसत होती ती सोडली आणि जी धोक्याची दिसत होती ती वाढवली.

एप्रिल २०२१ मध्ये टोसिलिझुमॅबचं तेच झालं जे एचसीक्यूचं आधी झालं होतं. हे आमचं औषध. आमवातात आणि लहान मुलांच्या एका गंभीर संधिवातात आम्ही ते वापरतो. गंभीर करोनात त्याचा खराच उपयोग होता, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये सिद्ध झालं, त्यामुळे माझी तक्रार ते तिकडे वळण्याबद्दल नाही. सुमारे ४० हजारांची कुपी लोक कुठल्या कुठल्या भावानं शोधत होते, नातेवाईक रात्री-बेरात्री आम्हालाच फोन करायचे, कारण हे नाव आमच्या चिठ्ठ्यांवर असतं. माझ्याकडे एक अकरा वर्षांचा मुलगा त्यावर होता. त्याचे तीन डोस चुकले. गुडघे परत भरले, तापही परतला. त्याची आई मला म्हणाली, "आम्ही मागायचं तरी कसं, समोरचा ऑक्सिजनवर असताना?" त्या माउलीला मी काय उत्तर द्यायचं?

लसीचं थोडक्यात सांगते. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली, त्या यादीत दीर्घकाळ स्टेरॉईड किंवा तत्सम औषधं घेणारेही होते. पण ल्युपस होतो मुख्यतः विशी ते चाळिशीतल्या बायकांना. त्यांचा नंबर १ मेला लागला, आणि तुटवड्यामुळे राज्याला तो वयोगट त्याच महिन्यात थांबवावा लागला. ऐन दुसऱ्या लाटेत त्या मुली लसीविना होत्या. पुढं मेथोट्रेक्सेट लसीनंतर दोन आठवडे थांबवली तर प्रतिपिंडं जास्त तयार होतात, हे ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे कोचीत झालेल्या चाचण्यांनी दाखवलं. फक्त त्या थांबण्यात काहींचा आजार उसळतो, म्हणून ते प्रत्येकाचं वेगळं ठरवायचं. रिटुक्सिमॅब घेतलेल्यांची लस मात्र त्या इंजेक्शनच्या वेळा बघूनच द्यावी लागते, नाहीतर ती वाया गेल्यासारखी होते.

तुम्ही बार्शीकडचे, म्हणून एक आठवण. १९७३ मध्ये चिकुनगुनियाची साथ बार्शीत आली होती. मग तीसेक वर्षं हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये देशात परत आला, १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. तेव्हा मी नवी होते. ताप चार दिवसांत जायचा, पण आजार सांधे महिनोन्महिने धरून ठेवायचा. ती साथ आमच्या दारात गर्दी घेऊन आली, करोनानं ती गर्दी पळवून लावली. पण दोन्ही वेळा अडचण एकच निघाली: रुग्ण गावात आणि संधिवाताचा माहीतगार शहरात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून घरोघर पाहणी झाली, तेव्हा आमवात हजारी सुमारे पाच जणांत दिसला होता. त्या हिशेबानं दहा हजारांच्या गावात पन्नास माणसं होतात. त्यांच्यातल्या प्रत्येकानं मेथोट्रेक्सेटसाठी दोनशे किलोमीटर यायचं, ही व्यवस्था साथ नसतानाही तुटकीच आहे. तालुक्याच्या फिजिशियनला आणि ग्रामीण रुग्णालयाला ही पाच-सात औषधं चालू ठेवता आली पाहिजेत, तपासणीसकट. आणि एखादं जुनं औषध नव्या आजारावर चालेल अशी हूल उठली, तर जे आधीपासून त्यावर जगत आहेत त्यांचा साठा आधी बाजूला काढला पाहिजे. हे शासनानं करायचं आहे, आणि आम्हा संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं ते मागत राहायचं आहे.

तुमच्या हातातलं सांगते. घरात नेहमी दोन महिन्यांच्या गोळ्या शिल्लक ठेवा. एका कागदावर मोठ्या अक्षरात औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वार आणि आजाराचं नाव लिहून त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. साथ आली, पण अंगात ताप नाही, तर काहीही बंद करायचं नाही. ताप आला, चाचणी पॉझिटिव्ह आली, तर डॉक्टरला कळवून मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या आणि टोसिलिझुमॅब, रिटुक्सिमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं तेवढ्यापुरती थांबवायची, आणि साधा आजार असेल तर बरं वाटल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत परत सुरू करायची. थांबवलेली गोळी परत कधी सुरू करायची ती तारीख त्याच फोनवर विचारून घ्या. बहुतेकांचं सुटतं ते इथंच. एचसीक्यू चालू राहू शकते. प्रेडनिसोलोन महिनोन्महिने चालू असेल तर ती एकदम कधीच तोडायची नाही, त्यानं रक्तदाब कोसळतो. आणि लघवीला फेस, एकच सांधा लालभडक होऊन ताप, नवा दम, डोळा लाल होऊन दुखणं, पाऊल उचलताना लोंबणं, यातलं काही झालं तर साथ कितीही मोठी असो, त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं.

तुमच्या आईंबद्दल. कललेली बोटं गोळीनं सरळ होत नाहीत, खोटी आशा मी देणार नाही. पण पाच महिन्यांत झालेलं नुकसान तिथंच थांबलंय की आतून अजून चालू आहे, हे बघायलाच हवं, आणि ते फोनवर कळणार नाही. चालू असेल तर औषध वाढवता येतं. थांबलं असेल तर रात्रीची पट्टी, हाताचे व्यायाम, जाड मुठीचं खुरपं आणि फारच अडलं तर हाताच्या सर्जनचं मत, एवढं सगळं अजून शिल्लक आहे. २०२० च्या आधीचा हाताचा एक्स-रे घरात कुठं असेल तर शोधा, पिवळा पडला असला तरी आणा. नवा काढून दोन्ही शेजारी ठेवले की पुष्कळ समजतं. सध्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या मागचा आकडा दिसेल अशा आणा. आणि नुसती फाइल घेऊन तुम्ही एकटे येऊ नका, आईंना घेऊन या. मला त्यांचे हात दाबून बघायचे आहेत.